सोशल डॉट कूप: सभासदांच्या मालकीचा मॅस्टोडॉन सर्व्हर

पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. कुठलीही संस्था दिसली की मी आधी जमाखर्च बघते. सोशल डॉट कूपवर माझा विश्वास बसला तो तिथेच. ‘ओपन कलेक्टिव्ह’ या गटांचे जमाखर्च उघड मांडणाऱ्या संकेतस्थळावर त्यांचे पैसे कोणालाही बघता येतात, अगदी सभासद नसलेल्यालाही: वर्गणी किती जमली, खर्चाची मागणी कोणी टाकली, कशासाठी, मंजूर झाली की अडली. आमच्याकडे सभासदाला हे कळायला वार्षिक सभेच्या अहवालाची वाट बघावी लागायची.

मॅस्टोडॉन ट्विटरसारखंच, पण कुणा एका कंपनीचं नाही. ऑयगेन रोख्को यांनी जर्मनीत ते २०१६ मध्ये सुरू केलं. हजारो वेगवेगळे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपबच्या सामायिक नियमांनी एकमेकांशी बोलतात. जाहिराती नाहीत, पोस्टी काळाच्या क्रमाने. पण बहुतेक सर्व्हरवर चालक म्हणेल ती पूर्व. २०१७ पासून चालत असलेला सोशल डॉट कूप हा सर्व्हर मात्र सहकारी आहे. वर्गणी ऐपतीप्रमाणे, मत प्रत्येकाला एकच.

निर्णय होतात ते लूमिओवर, म्हणजे ऑनलाइन चर्चा करून मत देण्याच्या साधनावर, आणि मला सगळ्यात आवडलं ते हेच. कोणीतरी प्रस्ताव मांडतो, मुदत ठरते. खाली एकेक सभासद येतो: अंगठा वर, अंगठा खाली, किंवा थेट आडवा पंजा, म्हणजे ‘हे होऊच नये’. सोबत दोन ओळी कारण. दुसऱ्याचं कारण पटलं तर मुदत संपेपर्यंत आपलं मत बदलता येतं. नुसते हात वर करून ठराव मंजूर होताना मी आयुष्यभर पाहिले. कारणासकट मत लिहिलेलं बघून मला खरोखर आनंद झाला. आपल्या रात्री तिकडे चर्चा रंगली, तरी सकाळी चहा घेताना सगळं वाचून मत देता येतं.

ज्याला चटकन निकाल हवा त्याला हे रेंगाळलेलं वाटेल. चर्चा इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी गप्पांसाठी इथे येऊ नका. मराठी माणसं इतर सर्व्हरवरची असली तरी त्यांना फॉलो करता येतं. कोणत्या सर्व्हरशी संबंध तोडायचा हेही प्रत्येक सर्व्हर स्वतः ठरवतो. २०१९ मध्ये ‘गॅब’ हे अतिउजव्यांचं समाजमाध्यम मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं, तेव्हा त्याला थांबवणारं केंद्र कुठेच नव्हतं, पण असंख्य सर्व्हरनी आपापली दारं लावून घेतली.

हे शुद्ध पीअर-टू-पीअर, म्हणजे मधे सर्व्हर न ठेवता थेट एकमेकांशी जोडणारं, नाही, हे लक्षात असू द्या. तुमचं खातं एका सर्व्हरवरच राहतं आणि खासगी निरोपही तिथे कुलूपबंद नसतात, सर्व्हर सांभाळणाऱ्याला ते वाचता येऊ शकतात. नाजूक बोलणं सिग्नल या निरोपांच्या ॲपवर करा. दुसऱ्या सर्व्हरवर गेलात तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्टी येत नाहीत.

ज्यांना सोसायटीच्या सभेत प्रश्न विचारायची सवय आहे, त्यांनी जरूर अर्ज करावा. अर्जात ‘का यायचंय’ विचारतात. एका शब्दात उरकू नका, तो वाचून निर्णय घेणारी माणसंही सभासदच असतात.