संमतीने घटस्फोट की कोर्टात लढून?

हिंदू विवाह कायद्यात दोन वाटा आहेत. कलम १३ब म्हणजे परस्पर संमती. कलम १३ म्हणजे क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग यांसारखे कारण पुराव्यानिशी सिद्ध करणे.

संमतीच्या अर्जासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. एकाच छताखाली राहूनही नवरा-बायकोचे नाते संपले असेल, तर ते चालते. दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचे आणि १८ महिन्यांच्या आत पुन्हा कोर्टापुढे संमती सांगायची. अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहून झाले असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा मिटला असेल, तर २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे सहा महिने थांबण्यातून सूट मागता येते.

लढाईत साक्षी, उलटतपासणी आणि नंतर अपील. वर्षे सहज जातात. पण समोरचा सहीच करत नसेल, तर हीच वाट उरते.

संमतीचे प्रकरण अडते ते बहुतेकदा मोघम अटींमुळे. ‘स्त्रीधन परत करू’ एवढे पुरत नाही. दागिन्यांची यादी, रकमेचे हप्ते व तारखा, मुलांच्या भेटीचे वार, फ्लॅटचे कर्ज कोण फेडणार, सगळे लिहा. हुकूमनाम्यापर्यंत, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या आदेशापर्यंत, कोणीही संमती मागे घेऊ शकतो, म्हणून सगळी रक्कम आधीच देऊ नका. शेवटचा हप्ता कोर्टापुढे पुन्हा संमती सांगायच्या दिवशी ठेवा.