प्रभाग रचनेवर हरकत घेण्याची सर्व्हिस : पाचपैकी दोन स्टार, त्यातला एक काउंटरवरच्या मॅडमचा

आधीच सांगून ठेवतो, मी राज्य शासनाच्या एका ऑफिसात आस्थापनेच्या टेबलावर आहे. पगारबिलं, वेतनवाढी, सेवापुस्तकं, दिवसभर हेच, त्यामुळे माझी तक्रार करायची पद्धत थोडी कारकुनी आहे हे गृहीत धरा. रिव्ह्यू आहे महापालिकेच्या त्या सर्व्हिसचा, प्रारूप प्रभाग रचना जाहीर करतात आणि मग नागरिकांकडून हरकती-सूचना मागवतात ना, तिचा. पालिकेचं नाव लिहीत नाही, राज्यात 29 आहेत, त्यातली कुठलीही समजा.

नकाशा बघणे : पीडीएफ उघडते पण मोबाईलवर झूम केलं की अक्षरं पुसट होतात, शेवटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघितला (जेवणाच्या सुट्टीत, उगाच कोणी काही म्हणू नका). सोबत सीमेचं वर्णन असतं, उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम, अमुक नाल्याने पुढे जाऊन तमुक रस्त्याने डावीकडे वगैरे, ते मात्र नीट लिहिलेलं होतं. वाचायला जमिनीच्या खरेदीखतासारखं वाटतं, पण एकदा जमलं की नकाशापेक्षा तेच बरं.

आता माझी हरकत काय होती. आमच्या सोसायटीच्या मागून नाला जातो. नाल्याच्या अलीकडे आमच्यासकट तीन सोसायट्या आणि एक चाळ, सगळ्यांचं ड्रेनेज एकाच लाईनला, कचऱ्याची गाडी एकच, भांडणंसुद्धा एकमेकांशीच. प्रभागाची हद्द शक्यतो नाला, रस्ता, रेल्वे लाईन अशा ठळक गोष्टींवरून न्यावी असं नियमातच आहे. मग ही रेषा नाल्यावरून न जाता आमच्या गेटसमोरच्या बोळातून का गेली? समोरच्या दोन सोसायट्या शेजारच्या प्रभागात, आम्ही आणि चाळ इकडे. ड्रेनेज तुंबलं तर अर्धा पाईप एका पॅनलचा आणि अर्धा दुसऱ्या पॅनलचा, आणि एका पॅनलमध्ये, म्हणजे एका प्रभागात, चार नगरसेवक, म्हणजे एका तुंबलेल्या पाईपसाठी आठ जणांना फोन.

अर्ज देणे : इथे खरंच कौतुक. फी नाही, झेरॉक्सचे पैसे सोडले तर एक रुपया लागला नाही. काउंटरवर एक मॅडम होत्या, गर्दी होती तरी त्यांनी अर्ज वाचला (वाचला! मी सतरा वर्षं अर्ज घेतोय, मलाच आश्चर्य वाटलं) आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या भागातल्या प्रगणक गटांची यादी बघितलीत का?" मी नव्हती बघितली. मग त्यांनीच दाखवली आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

झालंय असं, की प्रभाग पाडताना लोकसंख्या धरतात ती 2011 च्या जनगणनेची, कारण त्यानंतरची हातात नाहीच, 2021 ची झाली नाही आणि पुढची जी आहे तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027. जनगणनेत घरं मोजायला जे छोटे छोटे तुकडे पाडले होते ते प्रगणक गट, आणि ते शक्यतो फोडायचे नाहीत. प्रत्येक प्रभागाची लोकसंख्याही सरासरीच्या दहा टक्के वरखाली इतकीच चालते. आणि 2011 मध्ये समोरच्या दोन सोसायट्या कुठे होत्या? तिथे बाभळी होत्या. ती मोकळी जागा तेव्हा पलीकडच्या गटाला जोडलेली होती, म्हणून रेषा बोळातून. म्हणजे आज तिथे चार विंग, पार्किंगवरून मारामाऱ्या, आणि कागदावर बाभळीच.

मॅडमना एक स्टार इथेच दिला.

सुनावणी : तारीख मिळाली, सकाळी अकराची. माझ्यासारखीच हरकत असणाऱ्या पाचसहा जणांना एकत्र आत बोलावलं, त्यात एक माजी नगरसेवक होते, ते वीस मिनिटं बोलले. मला मिळाली तीनेक मिनिटं, त्यातलं एक फाईल सापडण्यात गेलं. मी म्हटलं, गट फोडायचा नाही हे मान्य, पण मग अख्खा गटच उचलून इकडे घ्या आणि आमच्याकडचा एक तिकडे द्या, दोन्ही प्रभागांची बेरीज करून आणलीय, दहा टक्क्यांच्या आत बसते. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी कागद ठेवून घेतला, "बघतो" म्हणाले. वागणं चांगलं होतं, पाणी वगैरे विचारलं.

निकाल : अमान्य.

एवढंच. हरकतीचा क्रमांक, विषय दोन ओळीत, आणि शेवटच्या रकान्यात अमान्य. माझा तीन स्टारचा राग या एका रकान्यावर आहे. नाही म्हटलं याचा राग नाही, कदाचित गट बदलला असता तर पुढे आणखी दोन प्रभागांची साखळी हलली असती, तसं असेल तर लिहा की. आमच्या टेबलावर एखाद्या शिपायाकडून 200 रुपयांची वसुली काढायची झाली तरी कुठल्या जीआरने, कुठल्या तारखेपासून, कशी मोजली हे सगळं टिपणीत लिहावं लागतं, नाहीतर तो माणूस उद्या माझ्यासमोर येऊन बसतो आणि बसावंच त्याने. सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती आठवते, लागू 1 जानेवारी 2016 पासून, हातात पगार आला 2019 च्या जानेवारीपासून, मधल्या तीन वर्षांचा फरक पाच हप्त्यांत. त्यात एका वेतनवाढीची तारीख चुकली तर वेतन पडताळणी पथक सेवापुस्तक परत पाठवतं, आक्षेप कारणासकट लिहून. कटकट वाटते तेव्हा, पण कारण असतं, त्याला उत्तर देता येतं. नुसत्या अमान्यला काय उत्तर देणार.

अवांतर : आठव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या अध्यक्ष आहेत न्या. रंजना प्रकाश देसाई, पूर्वी आपल्या मुंबई हायकोर्टात होत्या, आणि जम्मू-काश्मीरचा परिसीमन आयोगही (मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा) त्यांच्याच अध्यक्षतेखाली होता, 2022 मध्ये 90 मतदारसंघांचा आदेश काढला तो. म्हणजे माझी दोन्ही दुखणी, पगार आणि हद्द, देशात एकाच बाईंकडे जाऊन आलीत. ऑफिसात हे सांगितलं तर सगळे म्हणाले फिटमेंट फॅक्टर (जुन्या मूळ पगाराला ज्याने गुणून नवा काढतात तो आकडा) किती देणार ते सांग.

आणि हो, सगळं खापर पालिकेवर फोडणंही बरोबर नाही. 2017 ला चार नगरसेवकांचा प्रभाग, मग 2019 च्या शेवटी ठरलं एकाचा, मग 2021 ला तीनचा, मग सरकार बदललं आणि परत चारचा. प्रभाग पाडायचे अधिकारच 2022 मध्ये कायदा बदलून सरकारने स्वतःकडे घेतले. नकाशा काढणाऱ्या इंजिनियरने किती वेळा त्याच नाल्यावरून पेन्सिल फिरवायची. आमदारांचं बरं आहे, 288 चा आकडा हलत नाही, हद्दी 2008 च्या आदेशाच्या, आणि पगार 2016 पासून प्रधान सचिवाच्या पगाराला बांधलेला, हरकती-सूचना मागवायची भानगडच नाही.

पुढच्या वेळी कोणी हरकत घेणार असेल तर : प्रगणक गटांची यादी आधी काढा, त्याशिवाय अर्ज लिहूच नका. लोकसंख्येची बेरीज स्वतः करून जोडा. पोच घेताना शिक्का आणि तारीख दोन्ही बघून घ्या, माझ्या पहिल्या पोचवर तारीखच नव्हती. सुनावणीला माजी नगरसेवकाच्या आधी नंबर लागेल असं बघा. आणि अमान्य आलं तर माहिती अधिकारात त्या निर्णयाची टिपणी मागा, दहा रुपये लागतात, मी कालच अर्ज टाकलाय, तीस दिवसांत काय येतं ते इथेच खाली लिहीन, तोपर्यंत दोन स्टारच.