शिह त्झूच्या पिल्लासाठी घेतलेला ग्रूमिंगचा संच : उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचा अनुभव

ग्रूमिंगच्या, म्हणजे केस व नखे यांची निगा राखण्याच्या, या संचात स्लिकर ब्रश (बारीक तारांचा ब्रश), एका बाजूला विरळ व दुसऱ्या बाजूला दाट दात असलेली स्टीलची फणी, नखे कापण्याचा कटर, नखे घासून झिजवणारा, चार्जिंगवर चालणारा नेल ग्राइंडर आणि ट्रिमर एवढी सामग्री होती. ठाण्यातील आमच्या घरी उन्हाळ्याच्या सुरुवातीस शिह त्झू या लांब केसांच्या कुत्र्याच्या जातीचे अडीच महिन्यांचे मादी पिल्लू आले, त्याच सुमारास हा संच मागवला. या जातीचे केस सतत वाढतात आणि गळलेले केसही अंगावरच्या लांब केसांत अडकून राहतात. त्यामुळे विंचरणे ही येथे हौस राहत नाही, ते नित्याचे काम होते.

पिल्लू नव्या गोष्टी निर्धास्तपणे स्वीकारते तो काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा मानला जातो, आणि लसीकरणाचा पहिला क्रम संपायला सोळावा आठवडा उजाडतो. म्हणजे सलूनमध्ये नेण्याची परवानगी मिळेपर्यंत सवय लावण्याचा उत्तम काळ निघून गेलेला असतो, म्हणून सुरुवात घरीच करावी लागते. आम्ही प्रथम कोणतेही साधन चालवले नाही. रोज थोडा वेळ पंजा हातात धरणे, कानाची पाळी उचलून पाहणे, ओठ वर करून दातांना बोट लावणे, आणि प्रत्येक स्पर्शानंतर उकडलेल्या चिकनचा लहानसा तुकडा देणे, एवढेच केले. यातील क्रम महत्त्वाचा आहे : आधी स्पर्श, मग खाऊ. खाऊ दाखवून हळूच पंजा पकडला, तर चाणाक्ष पिल्लू खाऊकडेच संशयाने पाहू लागते. झोप आलेली नसताना जांभई देणे, ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे ही नापसंतीची चिन्हे होत; ती दिसताच हात काढून घ्यावा, गुरगुरण्याची वाट पाहू नये.

संचातील खरे मोल फणीचे आहे. स्लिकर ब्रशच्या तारा बारीक व टोकदार असतात, म्हणून तो प्रथम आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून किती दाब सोसवतो हे पाहावे. या ब्रशने वरचे केस मऊ व मोकळे दिसतात, परंतु कातडीलगतचा गुंता तसाच राहतो. भांग पाडून थराथराने, मुळापासून टोकापर्यंत फणी फिरवली की तो उघडकीस येतो. कानांमागे, काखेत आणि हार्नेसचा (छातीभोवती बांधायच्या साजाचा) पट्टा घासतो तेथे गुंता हमखास सापडतो. आंघोळ घालण्यापूर्वीच तो सोडवावा, कारण पाणी लागून वाळलेला गुंता अधिक घट्ट बसतो आणि पुढे जट होते. फणी अडली तर केस मुळाशी चिमटीत धरावेत, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही.

नेल ग्राइंडरबद्दल माझे मत संमिश्र आहे. आमच्या पिल्लाची बहुतेक नखे काळी असल्याने आतील रक्तवाहिनी दिसत नाही, आणि अशा नखांना कटरपेक्षा थोडे थोडे घासणे सुरक्षित. मात्र ग्राइंडरच्या आवाजापेक्षा त्याची थरथर पिल्लाला अधिक खटकते. जेवणाच्या वेळी शेजारच्या खोलीत तो नुसता चालू ठेवणे, पुढे बंद स्थितीत नखाला टेकवणे, आणि सगळ्यात शेवटी क्षणभर घासणे, या क्रमाला बरेच आठवडे लागले. ब्रिटनमधील श्वानप्रशिक्षक चिराग पटेल यांचा ‘बादलीचा खेळ’ येथे फार उपयोगी पडला : खाऊ ठेवलेल्या छोट्या बादलीकडे कुत्रा पाहत आहे तोवर काम चालते आणि त्याने नजर वळवली की थांबते. थांबवणे आपल्या हाती आहे असे कळल्यावर आमचे पिल्लू स्वतःहून बादलीकडे वळू लागले. लांब केसांच्या जातीत पंजाचे केस फिरत्या टोकात अडकण्याचा धोका असतो. त्यासाठी जुना पातळ मोजा पंजावर चढवून फक्त नखे बाहेर काढावीत. एका जागी जास्त वेळ घासल्यास नख तापते. पंजाच्या आतल्या बाजूचे वरचे नख जमिनीला लागत नसल्यामुळे झिजत नाही, त्याकडे वेगळे लक्ष द्यावे. तक्रार एवढीच, की घासण्याचा कागद काही महिन्यांत गुळगुळीत झाला आणि विक्रेत्याकडे तो सुटा मिळत नाही.

ट्रिमर तळव्यांच्या गादीमधील आणि शेपटीखालील केसांपुरताच कामाचा आहे. थोड्याच वेळात पाते तापते, शिवाय दाट केसांत त्याचा प्लास्टिकचा गार्ड अडतो. पूर्ण अंगाची कापणी आम्ही व्यावसायिकाकडेच करून घेतो. (आमचे पाहून शेजाऱ्यांनी त्यांच्या लॅब्राडॉरचे केस उन्हाळ्यात भादरण्याचा बेत केला होता. लॅब्राडॉरसारख्या, वर राठ केस व खाली दाट लव असलेल्या जातींत ते करू नये, हे त्यांना पशुवैद्यांनी समजावले.)

पावसाळ्यात कामाचे स्वरूप बदलले. फिरून आल्यावर बोटांमधील ओल टिपणे, लोंबत्या कानांच्या आत ओल राहिली नाही ना हे पाहणे आणि गोचीड शोधणे ही रोजची कामे झाली. कानात खोल कापसाची काडी मात्र घालू नये. गोचीडतापाचा धोका लक्षात घेता, दाट दातांची फणी येथेही उपयोगी ठरली. ब्लोअर या संचात नाही. आम्ही घरचा हेअर ड्रायर थंड हवेवर, आधी दूर धरून, मग हळूहळू जवळ आणत वापरला.

दहाव्या महिन्याच्या आसपास पिल्लाचे केस जाऊन प्रौढ केस येऊ लागतात आणि गुंता अचानक वाढतो. सध्या आम्ही त्याच टप्प्यात आहोत आणि फणी दिवसातून दोनदा फिरते. नव्याने घेणाऱ्यांनी संपूर्ण संचाऐवजी चांगली स्टीलची फणी व स्लिकर ब्रश सुटे घ्यावेत, आणि ग्राइंडर घ्यायचाच झाला तर कागदाच्या बदली गुंडाळ्या मिळतात की नाही हे आधी विचारून घ्यावे.