आगेऱ्याचे घरपोच जेवण : ठाण्यातील एका घरगुती स्वयंपाकघराविषयी

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे परिसरातील मूळच्या मराठी कॅथलिक समाजात आगेरा हा नव्या पिकाचा सण साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये आणल्या जातात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, त्या घरोघरी वाटल्या जातात आणि दुपारी सारे कुटुंब एकत्र जेवायला बसते. ठाण्यात जिथे भाताची खाचरे होती तिथे आता टॉवर उभे आहेत, घरातली सगळी माणसे नोकरीला जातात, आणि सणाचा स्वयंपाक मात्र आदल्या दिवसापासून हात मागतो. ही अडचण ओळखून काही घरगुती स्वयंपाकघरे आगेऱ्याचे जेवण करून देऊ लागली आहेत. पोखरण रोड परिसरातील अशाच एका ठिकाणाहून आम्ही यंदा सहा माणसांचे जेवण मागवले.

माझे सासर ईस्ट इंडियन, तर माहेर नगरकडचे मराठी प्रोटेस्टंट. माहेरच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला लोक भोपळे, अंडी, ज्वारी, क्वचित जिवंत कोंबडीसुद्धा आणून वेदीसमोर ठेवतात आणि उपासनेनंतर त्या वस्तूंचा लिलाव होतो. बोलीच्या भरात एखादा भोपळा मटणाहून महाग जातो आणि त्याचे कोणालाच वाईट वाटत नाही. उपकारस्तुतीच्या सणात प्रत्येकाने स्वतःच्या हाताने काहीतरी करायचे असते, अशी सवय असल्यामुळे तयार जेवणाविषयी माझ्या मनात शंकाच होती.

ती शंका फुग्यांनी, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या तळलेल्या गोळ्यांनी, दूर केली. हे स्वयंपाकघर फुगे तळून पाठवत नाही. मैदा, अंडी आणि नारळाचे दूध घालून आंबवलेले पीठ मोठ्या डब्यात देते आणि तळायचे काम घरावर सोपवते. पूर्वी हे पीठ ताडीने आंबवत, येथे यीस्ट वापरतात. चवीत थोडा फरक पडतो, पण पीठ हलके होते आणि वेळेवर फुगलेले होते. सासूबाईंनी डावा तळवा पाण्याने ओला केला, मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनी यांमधून लिंबाएवढा गोळा वर काढला आणि तो अलगद तेलात सोडला. झाऱ्याने वर तेल उडवताच तो टम्म फुगून उलटला. मुलांनी सोडलेल्या फुग्यांना लांबच लांब शेपट्या आल्या, आणि पहिल्यांदा संपले ते तेच.

बॉटल मसाल्यातील मटण दुधीच्या फोडी घालून केलेले होते आणि ते निर्विवाद उत्तम होते. हा मसाला स्वयंपाकघर चालवणाऱ्या आंटी स्वतः उन्हाळ्यात करून ठेवतात. मिरच्या, धणे, तीळ, खसखस यांच्या जोडीला भाजलेले गहू आणि हरभऱ्याची डाळही त्यात असते, म्हणून रस्सा वेगळे वाटण न घालताही अंगाबरोबर दाट होतो. सोरपोतेलबाबत मात्र तक्रार आहे. डुकराच्या मांसाचा हा व्हिनेगर घातलेला पदार्थ किमान एक-दोन दिवस मुरलेला हवा. आमच्याकडे आलेला ताजाच केलेला वाटला, कारण व्हिनेगर जिभेला वेगळे लागत होते. सोमवारी उरलेले गरम केले तेव्हा ते खरे सोरपोतेल झाले होते. पिवळा भात ठीक होता. थाळी स्वीट या रवा-नारळाच्या गोड पदार्थात साखर कमी चालली असती.

डब्यांसोबत एक छापील कार्डही आले, त्यावर टर्की पक्षी, केशरी भोपळा आणि इंग्रजी प्रार्थना. अमेरिकेतील थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असते, त्याची राष्ट्रीय परंपरा लिंकन यांच्या 1863 च्या घोषणेपासून चालत आली आहे, आणि तिचा भाताच्या लोंबीशी काहीही संबंध नाही. त्याऐवजी बायबलमधील उपकारस्तुतीचे स्तोत्र 100 मराठीत छापले असते तर ते कार्ड जपून ठेवता आले असते. आम्ही आमच्या रिवाजाप्रमाणे लोंबी घरातल्या वेदीवर लावली, बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायातला प्रथमफळांच्या टोपलीचा उतारा वाचला आणि सर्वांत धाकट्यापासून सुरुवात करून प्रत्येकाने वर्षातल्या एकेका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानले. धाकट्याने सुटलेल्या गणिताच्या क्लासबद्दल मानले.

एक गोष्ट मात्र मुद्दाम नोंदवायला हवी. मागितलेला नसताना एक रिकामा, स्वच्छ डबा सोबत आला होता, आणि त्यावर फक्त ‘शेजारचा वाटा’ असे लिहिले होते. आगेऱ्याचे जेवण शेजारी पोचल्याशिवाय आपण बसायचे नाही हा सासूबाईंचा नियम या स्वयंपाकघराला आधीच ठाऊक असावा.

सहा जणांच्या जेवणाला 4200 रुपये पडले. ते स्वस्त नाही, परंतु मांसाचे प्रमाण पाहता अवाजवीही म्हणता येणार नाही. घोडबंदर रोडपर्यंत पोचवण्याचा आकार वेगळा घेतला जातो आणि त्या रस्त्याच्या कृपेने जेवण बरेच उशिरा आले, तेव्हा शक्य असल्यास चर्चमधील मिस्साहून परतताना स्वतःच डबे घेऊन यावेत. सोरपोतेल शुक्रवारीच शिजवून ठेवण्याची विनंती नोंदणी करतानाच करावी, आणि डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी त्याऐवजी चिकन इंद्याल, म्हणजे व्हिनेगर घातलेला कोंबडीचा तिखट रस्सा, मागावे. ते मिळते, पण यादीत छापलेले नाही.