नागरिकत्वाच्या शपथेत देवाचे नाव घ्यावे की वगळावे?

अमेरिकेचे नागरिकत्व घेताना म्हणावयाच्या शपथेची दोन रूपे आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांना मुलाखतीचा दिवस जवळ आल्यावर कळते. एका रूपाचा शेवट 'सो हेल्प मी गॉड' या शब्दांनी होतो. दुसऱ्यात हे शब्द गाळले जातात आणि आरंभीच्या 'ऑन ओथ' या शब्दांऐवजी आपण गांभीर्यपूर्वक ग्वाही देत आहोत, असे म्हटले जाते. आमच्या घरात दोन्ही रूपे म्हटली गेली आहेत. पत्नीने पहिले निवडले, मी दुसरे. आम्ही दोघेही देव मानतो, त्यामुळे पुढील मजकूर श्रद्धेच्या बाजूने किंवा विरुद्ध आहे, असे कृपया समजू नये.

पत्नीचे म्हणणे साधे होते. देवापुढे दिवा लावल्याशिवाय ती दिवसाची सुरुवात करत नाही; मग जन्मभूमीचे नागरिकत्व सोडून दुसऱ्या देशाशी निष्ठा जोडण्याएवढी मोठी गोष्ट देवाला वगळून कशी करावी? त्या सभागृहात तिने ते शेवटचे शब्द ज्या स्वरात उच्चारले, तो ऐकल्यावर तिची निवड तिच्यापुरती योग्यच होती, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. ज्यांना असे आतून वाटते, त्यांनी पहिले रूपच घ्यावे.

माझी अडचण वेगळ्या ठिकाणाहून आली. माझी आजी पंढरीची वारी करणारी होती आणि तिला घरात कोणी 'देवाशपथ' म्हटलेले मुळीच खपत नसे. शपथ घालणाऱ्या मुलाला ती हातातले काम सोडून आधी 'सुटली' म्हणायला लावी. देवाचे नाव नामस्मरणासाठी आहे, आपल्या शब्दाला तारण म्हणून ठेवण्यासाठी नाही, हे तिच्याकडून अंगात इतके मुरले आहे की सरकारी कागदावरच्या वाक्यातही मला ते ओलांडवले नाही. मुलाखतीत मी तसे सांगितले. या बदलासाठी धर्माचा किंवा पंथाचा कोणताही पुरावा द्यावा लागत नाही. शस्त्र धारण करण्याविषयीचा भाग वगळायचा असेल, तर मात्र प्रकरण निराळे होते. तेथे श्रद्धेविषयी विचारणा होऊ शकते. दुसरे रूप कमी दर्जाचे आहे, अशी शंकाही बाळगू नये, कारण अमेरिकेच्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षालासुद्धा शपथ किंवा ग्वाही असा पर्याय दिला आहे, १८५३ मध्ये फ्रँकलिन पिअर्स यांनी ग्वाहीच दिली होती, आणि घटनेत छापलेल्या त्या शपथेच्या मजकुरात देवाचा उल्लेखच नाही.

येथवर दोन्ही पारडी जवळजवळ समान आहेत, आणि नागरिकत्वाच्या शपथेपुरतेच बोलायचे असते, तर मी कोणालाही सल्ला दिला नसता. माझे मत पक्के झाले ते शपथेनंतर म्हटल्या जाणाऱ्या ध्वजप्रतिज्ञेमुळे.

ही प्रतिज्ञा १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी यांनी लिहिली. ते बाप्टिस्ट पाद्री होते आणि तरीही त्यांच्या मूळ मजकुरात देव नव्हता. 'एक राष्ट्र अविभाज्य' असे सलग शब्द होते, आणि यादवी युद्ध संपून तीस वर्षेही न झालेल्या देशात त्या सलगपणाला अर्थ होता. १९५४ मध्ये, साम्यवादी रशियापेक्षा आपण वेगळे आहोत हे ठसवण्याच्या काळात, नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक संघटनेने रेटलेल्या मागणीनुसार 'राष्ट्र' आणि 'अविभाज्य' यांच्या मध्ये 'अंडर गॉड' हे दोन शब्द आले. १४ जून रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्या कायद्यावर सही केली. बरोबर अकरा वर्षांपूर्वी त्याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने बार्नेट खटल्यात शाळकरी मुलांवर ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला होता.

आता माझी तक्रार. नागरिकत्वाच्या शपथेत देवाचे शब्द टोकाला आहेत. ज्याला नको, तो अलीकडेच थांबतो आणि शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. प्रतिज्ञेत ते मधोमध आहेत आणि तिला दुसरे रूप नाही. न थांबता पुढे गेलो, तर मी सर्वांच्या दोन शब्द आधी संपवतो. थांबलो, तर शेकडो माणसांच्या एका आवाजात माझे मिटलेले तोंड दिसते. मुलीच्या शाळेतील एका कार्यक्रमात मी असा थांबलो, तेव्हा सात वर्षांच्या तिने मान वर करून विचारले, "बाबा, तुम्ही मध्येच गप्प का झालात? विसरलात का?" तिला आजीची गोष्ट सांगता आली असती, पण आपल्या वर्गातल्या इतरांपेक्षा आपले घर काही वेगळे आहे, हे तिला देशाच्या प्रतिज्ञेतून कळावे, याचे मला फार वाईट वाटले. जेथे सर्वांनी एका सुरात एक व्हायचे, नेमके तेथेच मला बाजूला व्हावे लागते.

नोटेवरच्या 'इन गॉड वुई ट्रस्ट' या वाक्याचा मला असा त्रास होत नाही. १८६४ च्या दोन सेंटच्या नाण्यावर ते प्रथम आले, १९५५ च्या कायद्याने सर्व चलनावर बंधनकारक झाले आणि १९५७ पासून कागदी नोटांवर दिसू लागले. ते बोलणे सरकारचे आहे. खिशातली नोट मला तोंड उघडायला सांगत नाही. तरीही राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची भूमिका मला जवळची वाटते. पैशावर देवाचे वचन छापणे हा त्या वचनाचाच अनादर आहे, असे त्यांचे मत होते आणि १९०७ ची वीस डॉलरची नवी सुवर्णमुद्रा त्याशिवायच निघाली. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पुढच्याच वर्षी ते वचन परत आणले.

आपल्याकडच्या नोटेवरील राजमुद्रेखालचे 'सत्यमेव जयते' हे मुंडकोपनिषदातले आहे, तेव्हा भारताचे चलन धर्मग्रंथापासून पूर्ण अलिप्त आहे, असे म्हणता येणार नाही. मात्र त्यात कोणा देवाचे नाव नाही. घटना समितीत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती मांडली होती आणि ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. पदाच्या शपथेत ईश्वरसाक्ष शपथ किंवा ग्वाही हा पर्याय मात्र ठेवला गेला. शाळेत रोज म्हटलेल्या 'भारत माझा देश आहे' या प्रतिज्ञेत कोणालाही गप्प राहावे लागेल असे स्थळ मला आठवत नाही.

म्हणून ज्याचे मन दोन्हीकडे सारखेच ओढ घेत असेल, त्याने माझ्या मते ग्वाहीचे रूप घ्यावे आणि समारंभाच्या दिवसापर्यंत न थांबता मुलाखतीतच तसे सांगावे. मुलांच्या बाबतीत मी एवढे ठामपणे सांगणार नाही. टेक्सास आणि फ्लोरिडा येथील शाळांना प्रतिज्ञेतून सूट देण्यासाठी पालकांचे लेखी पत्र लागते. ते देण्यापूर्वी मुलाला विचारावे. आमच्या मुलीला मी विचारले. ती सर्वांबरोबर ते दोन शब्द म्हणते, आणि मी तिच्या शेजारी छातीवर हात ठेवून तेवढ्यापुरता थांबतो.