गवत कापायचा पेट्रोल मोवर, हंगामभर वापरल्यावर: मशीन दणकट, पण कंपनीने पेट्रोल बंद करायचा एक कॉक वाचवला

१६० सीसी, चार स्ट्रोक, पत्र्याचा डेक (ब्लेडवरचं कवच), मागे गवताची पिशवी, हे सगळं खोक्यावरच लिहिलंय. कापणी एकसारखी येते, उंची बदलायचा खटका एका हाताने सरकतो, चाकांची बुशिंग अजून ढिली झालेली नाहीत. कौतुक एवढंच. बाकी सगळं कार्बोरेटरच्या वाटीबद्दल, म्हणजे जिथे इंजिनात जाण्याआधी पेट्रोल साठतं तिच्याबद्दल.

महिनाभर उभं राहिलं की हे मशीन हमखास रुसतं. चोक द्या, दोरी ओढा. एखादा ठसका, मग काही नाही. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: ‘कार्बोरेटर गेलाय, नवीन टाकावा लागेल.’ कार्बोरेटर असा जात नाही हो! वाटीत उरलेलं पेट्रोल हळूहळू उडतं आणि खाली पिवळट चिकट थर राहतो. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी मेन जेटचं भोक एक मिलिमीटरहून लहान असतं, ते बुजायला त्यातला कणभर पुरतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते ओल ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं होतं आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते.

खोलण्याआधी खात्री करून घ्या. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि दोरी ओढा. दोन-तीन सेकंद चालून बंद पडलं तर ठिणगी ठीक आहे, पेट्रोल पोचत नाही.

मग प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. इंजिन पूर्ण गार हवं. पेट्रोलचा पाइप चिमट्याने दाबा, खाली डबा धरा आणि वाटीखालचा बोल्ट १० च्या पान्याने सोडा. काही मॉडेलमध्ये जेट या बोल्टमध्येच असतो. या मशीनमध्ये तो मधल्या खांबात वर आहे. खाचेत नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, नाहीतर पितळेची खाच सोलते. जेटमागोमाग भोकाभोकांची नळी खाली येते, तीही साफ करा. भोकात घालायला वायरीतली तांब्याची एक बारीक तार बरी, पोलादी सुईने भोक मोठं होतं. उजेडात धरल्यावर भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. वाटीच्या रबरी रिंगवर कार्ब क्लीनर उडू देऊ नका. रिंग फुगते आणि परत खाचेत बसत नाही. जोडल्यावर बोल्टवर जोर काढू नका, पाइप मोकळा करून पाच मिनिटं थांबा आणि थेंब गळतोय का पाहा.

अर्ध्या तासाचं काम आहे. राग त्याचा नाही, ते पुन्हा पुन्हा करावं लागतं त्याचा आहे. वाटीला ड्रेनचा स्क्रू नाही, टाकीखाली कॉक नाही. एवढं जाड पोलाद वापरणाऱ्यांना नेमका इथेच हात आखडता का घ्यावासा वाटला?

आता मत थोडं बदललंय, कारण कॉक बाहेरून बसवता येतो. टाकीतून कार्बोरेटरकडे येणाऱ्या पाइपचा आतला व्यास आधी मोजा, बहुतेक ६ मिमीच्या आसपास भरतो. टाकी रिकामी करून पाइप मध्ये कापा, त्या मापाचा इनलाइन कॉक घाला, दोन्ही बाजूंना स्प्रिंग क्लिप लावा. कॉकवर बाण असेल तर तो कार्बोरेटरकडे. सायलेन्सरपासून लांब राहील आणि पाइपला मुरड पडणार नाही, अशी जागा निवडा. गवत कापून झालं की कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. वाटी रिकामी होते, चिकटा धरायला फारसं काही उरत नाही. टाकीत महिन्यापेक्षा जुनं पेट्रोल मात्र ठेवू नका, कॉक असला तरी. दोन तारे देणार होतो, ते यामुळे चार झाले. पाचवा कंपनीने कॉक आतून दिल्यावर.

उरलेल्या तक्रारी किरकोळ. इंजिन खाली-वर हुंकारत चालत असेल तर चोक थोडा ओढून बघा. आवाज सपाट झाला तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे पुन्हा जेट, किंवा कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडून थोड्या वेळाने परत सुरू होत असेल तर टाकीचं झाकण सैल करून चालवा. तसं नीट चाललं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. एक्झॉस्टमधून निळसर-पांढरा धूर आला तर बहुधा मशीन चुकीच्या कुशीवर आडवं केलं होतं किंवा ऑइल जास्त भरलंय. कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला येतील असंच कलवायचं. ऑइल साधारण अर्धा लिटर लागतं, पण काडीवरची खूण बघत भरा. पहिलं ५ तासांनी बदला, पुढे दर ५० तासांनी. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिमी. कागदी फिल्टर टकटक करून झटका, त्याला ऑइल लावू नका.

ब्लेड दगडावर आपटल्यानंतर दोरी हाताला झटका द्यायला लागली किंवा सायलेन्सरमधून फटाके फुटायला लागले, तर कार्बोरेटरच्या मागे लागू नका. फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) क्रँकशाफ्टवर जागेवर धरणारी छोटी मऊ चावी कापली जाऊन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकलेलं असतं. ती मुद्दाम मऊ केलेली असते. तिच्या जागी पोलादी तुकडा ठोकून दिला तर पुढचा दणका थेट क्रँकशाफ्टवर जातो.

ब्लेडला मूळचाच कोन ठेवून कानस मारा, साधारण ३० अंश. वस्तऱ्यासारखी धार नको, ती लगेच मोडते. मधलं भोक खिळ्यावर अडकवून ब्लेड आडवं सोडा. जी बाजू खाली जाईल तिथे अजून थोडं घासा. तोल नसलेलं ब्लेड हँडल थरथरवतं आणि क्रँकचं बेअरिंग खातं. पिशवीची जाळी आतून हिरव्या धुळीने बुजली की गवत डेकमध्ये तुंबतं. तेव्हा पिशवी उलटी करून पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवूनच लावा.