पर्वरीतली सेकंडहँड सी कयाक: साडेचौदा फूट, दोन हॅच, स्केगसह

मे अखेर शॅक (किनाऱ्यावरची हंगामी खाद्यगृहं) उतरले की किनाऱ्यावरच्या भाड्याच्या, वर उघड्यावर बसायच्या सिट-ऑन-टॉप होड्याही ‘सी कयाक’ म्हणून विकायला निघतात. पर्वरीतली ही होडी मात्र खरीच सी कयाक आहे. साडेचौदा फूट लांब, ६० सेंटिमीटर रुंद, पुढेमागे हॅचचे, म्हणजे झाकणाचे, बंद कप्पे आणि मागच्या तळातून खाली उतरणारी, होडी सरळ ठेवणारी पाती, म्हणजे स्केग. रोटोमोल्ड (साचा फिरवून घडवलेल्या) पॉलिथिनची, वजन २६ किलो, दोघांनी उचलावी. वल्हं आणि बसायच्या जागेचं (कॉकपिटचं) तोंड कमरेभोवती झाकणाऱ्या स्प्रे स्कर्टसह मागणी ४५ हजारांची.

गोव्यात अशी होडी समुद्रापेक्षा उन्हानं लवकर म्हातारी होते, म्हणून पहिली नजर डेकवर. अंगठा घासून पांढरी भुकटी लागते का ते बघा आणि हॅचच्या झाकणाखालचा मूळ रंग उघड्या डेकच्या रंगाशी ताडून पाहा. इथं रंग किंचित उतरलाय, भुकटी नाही, दाबलं तर प्लॅस्टिक लवून परत येतं. हॅचची रबरी झाकणं मात्र कडेला तडकलीत. ती बदलायलाच हवीत: एक कप्पा भरला की उलटलेली होडी टोकावर उभी राहते आणि खोल पाण्यात तिच्यात परत चढता येत नाही.

तळाला कालवांच्या कातळावर घासल्याच्या रेघा आहेत. नख जेमतेम अडकतं, तेव्हा त्या तशाच राहू द्याव्यात. पॉलिथिनला एपॉक्सी किंवा एम-सील धरत नाही. चीर असती तर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी वितळवून सांधावी लागली असती. सीटखालचा पोक गाडीच्या कॅरियरवर पट्टे करकचून आवळल्याचा आहे. तळ वर करून तासभर उन्हात तापवून आतून दाबला की तो बहुधा निघतो.

मोठा दोष बल्कहेडमध्ये, म्हणजे कप्पा आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीत निघाला. मागच्या कप्प्यात दोन बादल्या पाणी ओतून नाक खाली केलं, तर दहा मिनिटांत कॉकपिटमध्ये ओल आली. डाव्या कोपऱ्यात सीलंट सुटलाय. जुना पूर्ण खरवडून, स्पिरिटनं पुसून, सुकवून पॉलियुरेथेन सीलंट भरावा. सिलिकॉन नको, तो सालीसारखा सुटतो.

स्केग अर्धीच उतरत होती. पेटीत वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे अडकले होते, ते काढल्यावर पूर्ण उतरली. स्केग खालीवर करणाऱ्या वायरला मोड नाही. कधी बदलायची वेळ आली तर त्याच जाडीची स्टेनलेस वायर घ्या. बाईकची क्लच वायर खाऱ्या पाण्यात गंजते.

पाण्यातली चाचणी बांबोळीला, भरतीत, बार्जच्या वाटेपासून लांब. सकाळी वारा पडलेला असताना कुठलीही होडी सरळच जाते, म्हणून खरी परीक्षा अकरानंतर, समुद्रावरून वारा सुटल्यावर. बाजूच्या वाऱ्यात ही नाक वाऱ्याकडे वळवते, अर्धी स्केग सोडली की सरळ धावते. तसं व्हायलाच हवं. पूर्ण सोडली तर नाक उलट वाऱ्याखाली पडतं. कडेवर कलवली की छान वळते. गुडघे मांडीपट्ट्यांखाली नीट बसतात, पण उजवा पाय टेकवायची पट्टी तिच्या रुळावरून घसरते. खाच झिजलीय, भाग नवा लागेल.

छातीभर पाण्यात मुद्दाम उलटून स्कर्ट ओढून बघा, सोबत माणूस उभा ठेवून. इथं लूप (स्कर्ट ओढायचा पट्टा) धरला की स्कर्ट एका झटक्यात सुटतो, कॉकपिटच्या रिमवर (काठावर) बसायला मात्र स्कर्ट घट्ट आहे, भिजवून चढवावा. कडेची दोरी उन्हानं ताठ झालीय, ६ मिमीची नवी ओवावी.

झाकणं, पायपट्टी, दोरी आणि सीलंट यांचा खर्च दाखवून ३६ हजार सांगा, ३८ ला उचला. मालक ३८ च्या वर गेला तर झाकणं त्याला बदलून द्यायला लावा.